एक्सएलआर केबल घेण्याआधी: मुंबईच्या घरातली बॅलन्स्ड जोडणी, पायरी पायरीने

मालाडच्या एका मित्राने मध्यंतरी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. मखमली डबीत पहुडलेली एक्सएलआर केबलची (ऑडिओ यंत्रं जोडणारी, तीन पिनांची) जोडी, लांबी दीड मीटर, खाली किंमत. तेवढ्या पैशात बऱ्यापैकी स्कूटर आली असती. "घेऊ का रे?" मी विचारलं, "तुझ्या स्पीकरमधून घूं येते का?" म्हणाला, नाही. "खरखर?" नाही. "मग ही केबल दुरुस्त काय करणार आहे?" त्यावर अंगठ्याचं चित्र आलं आणि विषय संपला.

त्याला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. बॅलन्स्ड जोडणी ही फार हुशार युक्ती आहे, पण ती एकाच कामासाठी जन्माला आलीय: बाहेरचा उपद्रव संगीतात मिसळू न देणं. हे काम चोख करणारी केबल घरी बनवता येते, आणि मुंबईतल्या बहुतेक घरांत केबलच्या आधी भिंतीतल्या अर्थिंगकडे बघावं लागतं.

तिसरी तार कशासाठी

साध्या आरसीए केबलमध्ये (घरगुती यंत्रांची नेहमीची, एकाच पिनेची) मधली तार सिग्नल नेते आणि बाहेरची जाळी ही परतीची वाट. अडचण अशी की हीच जाळी दोन यंत्रांच्या पत्र्याच्या पेट्याही एकमेकींना जोडते. दोन पेट्यांमध्ये जरा जरी भटका विजेचा प्रवाह वाहत असेल, तर तो याच जाळीतून जातो, जाळीच्या रोधावर इवलासा व्होल्टेज उभा करतो आणि तो थेट गाण्यात जमा होतो.

बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलला स्वतःच्या दोन तारा मिळतात आणि जाळी त्यातून मोकळी होते. एक्सएलआरमध्ये पिन १ म्हणजे जाळी, पिन २ 'हॉट', पिन ३ 'कोल्ड'. पलीकडचं यंत्र फक्त २ आणि ३ मधला फरक वाचतं. बाहेरून येणारा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच चढतो, म्हणून वजाबाकीत तो उडून जातो. विरार फास्टमध्ये दोघे हातात हात घालून उभे असले की धक्का दोघांनाही बसतो, दोघेही तितकेच सरकतात, पण त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. यंत्र ते अंतर मोजतंय.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "पिन ३ वर उलटा सिग्नल असतो म्हणून ती बॅलन्स्ड" असं सर्रास सांगितलं जातं. उलटा सिग्नल असला तर चांगलंच, पण संतुलन त्याने ठरत नाही. दोन्ही तारांना जमिनीच्या मानाने दिसणारा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) सारखा असणं, हे संतुलन. तो सारखा असेल तरच उपद्रव दोन्हींवर सारखा चढेल. पिन ३ वर सिग्नलच नाही, फक्त तेवढ्याच ओहमचा रोध आहे, अशीही आउटपुटं असतात आणि ती उपद्रव तितकाच उडवतात. कल्पना टेलिफोनवाल्यांची आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पीळ दिलेल्या जोडतारेचं पेटंट १८८१ साली घेतलं होतं, तेव्हा हाय-फाय हा शब्दसुद्धा नव्हता.

पायरी १: तुमच्या यंत्रांना खरंच गरज आहे का?

मागच्या बाजूला एक्सएलआरचं भोक आहे म्हणजे आतलं सर्किट बॅलन्स्ड आहे असं नव्हे. काही यंत्रांत ते भोक आतल्या आत आरसीएलाच जोडून ठेवलेलं असतं. माहितीपुस्तिका उघडा. 'डिफरन्शियल' किंवा 'ट्रूली बॅलन्स्ड' असे शब्द, दोन्ही आउटपुटांचे वेगवेगळे व्होल्टेज, किंवा एक्सएलआर इनपुटचा सीएमआरआर (दोन्ही तारांवर सारखा चढलेला उपद्रव किती उडतो ते सांगणारा) हा आकडा दिलेला असेल तर कंपनीने काम मनावर घेतलंय असं समजा.

मग स्वतःची जोडणी बघा. डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि ॲम्प एकाच मांडणीवर, मधे अर्धा मीटर आरसीए, आवाज स्वच्छ. अशा ठिकाणी बॅलन्स्ड करून काही हाती लागत नाही. उलट पॉवर ॲम्प स्पीकरजवळ आणि प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचं, आवाजाचं बटण असलेलं यंत्र) सोफ्याजवळ असेल, ॲक्टिव्ह स्पीकर दोन वेगळ्या सॉकेटवर असतील, साखळीत कॉम्प्युटर किंवा सेट-टॉप बॉक्स असेल, तर बॅलन्स्ड लगेच कामाला येते.

एका फसगतीपासून मात्र सावध राहा. घरगुती डॅकमध्ये आरसीएवर साधारण २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर ४ व्होल्ट मिळतात. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त. दुकानात "आता एक्सएलआर ऐका" म्हणून बटण फिरवलं की गाणं मोठं वाजतं, आणि मोठं वाजलेलं कानाला नेहमी अधिक मोकळं, अधिक जिवंत वाटतं. दुकानदार लबाड असेलच असं नाही, त्यालाही तसंच ऐकू येत असतं.

पायरी २: आधी घूं शोधा

यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण पैसे इथेच वाचतात.

गाणं बंद ठेवा, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवा, पंखा बंद करा, कान स्पीकरला लावा. काय ऐकू येतं? नुसता बारीक सुस्कारा असेल तर तो ॲम्पचा स्वतःचा आहे, त्याला केबल काही करू शकत नाही. खालच्या पट्टीतली घूं किंवा चरचरीत भुणभुण असेल तर पुढे वाचा.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूंसुद्धा ५० किंवा १०० हर्ट्झची. घरात पेटी (हार्मोनियम) असेल तर मजेशीर पडताळा घेता येतो. पांढरी पाचचा खालचा स्वर ९८ हर्ट्झचा. विजेची १०० हर्ट्झची घूं त्याच्या अगदी किंचित चढी लागते. पेटी धरा आणि स्पीकर ऐका. स्वर जवळजवळ जुळतोय पण हलके हलके डुलतोय असं वाटलं, तर पाहुणा विजेच्या तारेतून आलाय हे नक्की. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगखाली ही चढी पांढरी पाच सतत वाजत राहिली की षड्ज का खुपतो ते मग लक्षात येतं.

आता एकेक यंत्र सोडवत जा. पॉवर ॲम्पच्या इनपुटमधल्या सगळ्या केबली काढा, अर्थात ॲम्प बंद करून. चालू केल्यावर शांत? मग दोष अलीकडे आहे. प्रीॲम्प जोडा, त्याचे सगळे इनपुट मोकळे ठेवा. शांत? आता डॅक. मग कॉम्प्युटर. मग टीव्ही. प्रत्येक वेळी थांबा, ऐका, कागदावर लिहा. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास जातो.

आमच्या पार्ल्याच्या घरात ही घूं टीव्ही जोडल्यावर आली. सेट-टॉप बॉक्सला जाणारी केबल टीव्हीची जाड काळी वायर जिन्यातल्या डब्यातून येते, तिची जाळी इमारतीच्या कुठल्या तरी दुसऱ्याच टोकाला जमिनीला भेटलेली. माझं अर्थिंग एकीकडे, तिचं दुसरीकडे, आणि त्या दोन जमिनींमधला फरक माझ्या आरसीएच्या जाळीतून वाहत होता. ती काळी वायर सेट-टॉप बॉक्समधून नुसती उपसली आणि खोली एकदम निवली. उपाय म्हणून टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने डॅकला दिला. प्रकाशाच्या तारेतून वीज वाहत नाही, प्रश्न मिटला. त्याआधी मी दोन वेगवेगळ्या महागड्या केबली बदलून पाहिल्या होत्या, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. घरात अजून तो विषय काढला जातो.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. फरक पडला तर गुन्हेगार चार्जर.

भुणभुण चरचरीत असेल आणि पंखा तीनवर केल्यावर वाढत असेल, तर भिंतीवरचा रेग्युलेटर बघा. गोल फिरणारे बरेच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचा तुकडा कापून पंख्याला देतात, आणि तो कापण्याचा ओरखडा घरभर पसरतो. कपॅसिटरवर चालणारा, टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर असं कापत नाही. इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. माझ्या ऐकण्यातली हाय-फायमधली ही सर्वांत स्वस्त सुधारणा.

शेवटी अर्थिंग. ॲम्पच्या पत्र्यावरून बोटाची मागची बाजू अलगद फिरवल्यावर झिणझिण्या येतात? जुन्या इमारतींत हे सर्रास. बहुतेक वेळा सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थ पोचलेलाच नसतो, आणि यंत्रातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून पत्र्यावर व्होल्टेज तरंगत राहतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटर लावून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत हवा. तो दहा-वीसवर गेला असेल तर अर्थिंग दुरुस्त केल्याशिवाय पुढची एकही पायरी चढू नका.

घूं घालवायला प्लगची जाड अर्थ पिन मोडायची किंवा तिच्यावर टेप गुंडाळायची, हा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. घूं कदाचित जाईलही, पण आत दोष झाला की पत्रा जिवंत होईल, आणि मग एक्सएलआरचा धातूचा कॉलर पकडणारा हात तुमचा असेल. मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही याच फेरीत बसवून घ्या.

साखळीतली सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणली तर त्यांच्या जमिनींमधला फरक बराच कमी होतो. पॉवर ॲम्प फार मोठा असेल तर भार आधी मोजा, नाहीतर १६ ॲम्पिअरच्या पॉइंटवरून घ्या.

एवढं सगळं करून घूं उरली, किंवा जोडणीच लांब पल्ल्याची आहे, तर चला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात.

पायरी ३: लांबी

सुतळी घ्या. डॅकच्या मागून ॲम्पच्या मागपर्यंत केबल जशी जाणार तशी, वळणांसकट, सुतळी टाका. त्यात वीतभर मिळवा, म्हणजे यंत्र पुढे ओढून मागे हात घालता येईल. बस. पाच मीटरची तयार केबल घेऊन चार मीटरचं वेटोळं ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवणं म्हणजे आपणच अँटेना बांधणं. विजेच्या वायरी आणि सिग्नलच्या केबली एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीत कोंबू नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

पायरी ४: केबल निवडणं

दुकानात दोन जाती भेटतील. एक, आत दोन तारा असलेली. दुसरी, चार तारांची स्टार-क्वाड. तिच्यात समोरासमोरच्या दोन-दोन तारा एकत्र जोडतात. या रचनेत दोन्ही जोड्यांचा मध्य एकाच जागी येतो, म्हणून शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र दोन्हींवर अधिक सारखं पडतं. तांब्याच्या जाळीला ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवता येत नाही. ते काम पीळ आणि स्टार-क्वाडची भूमितीच करते. जिथे केबलला विजेच्या वायरींशेजारून जाण्यावाचून गत्यंतर नाही, अशा आपल्या बाराशे वस्तूंनी भरलेल्या हॉलमध्ये मी डोळे मिटून स्टार-क्वाड घेतो.

कॅनारेची एल-४ई६एस ही जपानी केबल स्टुडिओवाल्यांची जुनी सोबतीण. ६ मिलिमीटर जाड, आत दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या तारा, बाहेर विणलेली जाळी. मोगामीची २५३४ हीसुद्धा स्टार-क्वाडच, तिची जाळी विणलेली नसून गुंडाळलेली, त्यामुळे सोलायला सोपी. दोन तारांचीच हवी असेल तर मोगामी २५४९. बेल्डेनच्याही चांगल्या केबली आहेत. यांपैकी जी मिळेल ती घ्या, आवाजात फरक पडणार नाही. केबलीवर नाव आणि नंबर छापलेला असतो, तो वाचून घ्या.

स्टार-क्वाडची एक किंमत मोजावी लागते: तारांमधली कपॅसिटन्स (वीज साठवून ठेवण्याचा गुण) जास्त. कॅनारेची मीटरला साधारण १५० पिकोफॅरड. तीन मीटरला ४५०. घाबरायचं का? डॅकचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहम धरला तर वरचे स्वर कापले जायला सुरुवात होते ती साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या पावणेदोनशे पट वर. पण मधे ५० किलो-ओहमच्या पोटेन्शिओमीटरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा) पॅसिव्ह प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल न वाढवणारा, असेल तर गणित पालटतं. बटणाच्या सर्वांत वाईट जागी त्याचा आउटपुट इम्पीडन्स साडेबारा किलो-ओहम होतो, मर्यादा २८ किलोहर्ट्झवर येते आणि २० किलोहर्ट्झला पावणेदोन डेसिबल गळतात. पॅसिव्हवाल्यांनी दोन तारांची केबल घ्यावी आणि ती आखूड ठेवावी. केबल बदलल्यावर आवाज 'मऊ' झाल्याचं कुणी शपथेवर सांगत असेल तर असली जोडणी आहे का ते आधी विचारा, तिथे तो खरं बोलत असू शकतो.

रोधाचं काय? ०.२ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला ०.१ ओहमच्या जवळ. तीन मीटर जाऊन येऊन ०.६ ओहम. समोर ॲम्पचा इनपुट २०,००० ओहमचा. आवाजातली घट ०.०००३ डेसिबलहूनही कमी. चांदीची तार तांब्याहून साधारण ६ टक्के अधिक वाहक असते, तेव्हा या घटीतला सहा टक्के फायदा चांदी देईल. स्किन इफेक्टचं (वरच्या स्वरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळूनच वाहण्याचं) भूतही असंच. २० किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह जितका आत शिरतो ती खोली ०.४६ मिलिमीटर, आणि आपल्या तारेची अख्खी त्रिज्याच तिच्यापेक्षा लहान.

पायरी ५: कनेक्टर आणि समुद्राची हवा

केबल बिघडत नाही, कनेक्टर बिघडतात. म्हणून पैसे इथे घाला. लिखटेनश्टाइनच्या न्यूट्रिकचे एनसी३एमएक्सएक्स आणि एनसी३एफएक्सएक्स हे नर-मादी नमुने जगभर चालतात. ३.५ ते ८ मिलिमीटरची केबल त्यांच्या आतल्या जबड्यात घट्ट बसते.

त्यांच्यात दोन प्रकार. साधे, निकेलच्या अंगाचे, आत चांदीचा मुलामा. आणि काळ्या अंगाचे, नंबराच्या शेवटी 'बी' असलेले, आत सोन्याचा मुलामा. पुण्याच्या कोरड्या हवेत मी चांदीचे घेतले असते. मुंबईत चार महिने दमट खारी हवा, आणि हाय-फायची केबल एकदा खोचली की दोन-दोन वर्षं कुणी तिला हात लावत नाही. स्टुडिओत रोज काढघाल होते, त्यात चांदीवरचा काळा थर आपोआप घासला जातो. घरी जात नाही. म्हणून इथे सोनं घ्या. स्वर सोनेरी होतो म्हणून नव्हे, काळं पडत नाही म्हणून.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, खांद्याला खांदा लागतो. काउंटरवर पहिला प्रश्न येईल, "ओरिजिनल चाहिए या चालू?" हा प्रश्न विचारणारा दुकानदार खरं तर भला माणूस. काळजी विचारत नाही त्याची करा. नकली कनेक्टर ओळखायचा तर तो उघडून हातात घ्या. मागचं बूट (केबल आवळणारं फिरतं झाकण) फिरवताना आटे खरखरतात का, खोचल्यावर खटका ठणठणीत लागतो का, पिनांच्या मागच्या सोल्डरच्या वाट्या नितळ आहेत का, आतलं प्लॅस्टिक सोल्डरिंगच्या गरम इस्त्रीला लोण्यासारखं विरघळतं का. शेवटचं घरी आल्यावरच कळतं, म्हणून एक जादा घ्या. पक्कं बिल मागा. मला एका ठिकाणी नावावरची दोन अक्षरं उलटी असलेला माल 'ओरिजिनल' म्हणून मिळाला होता, तो अजून पेनस्टँडमध्ये आहे.

पायरी ६: जोडकाम

हवं ते सामान: २५ ते ४० वॉटची सोल्डरिंग आयर्न (इस्त्री), ६०/४० किंवा ६३/३७ ची राळ भरलेली बारीक सोल्डर वायर, ब्लेड, वायर स्ट्रिपर, मल्टिमीटर, आणि केबल धरायला लाकडी चिमटा. पंखा बंद, खिडकी उघडी. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात धुवा, मधे चिवडा खाऊ नका.

आधी बूट आणि जबडा केबलमध्ये ओवून घ्या. हे प्रत्येक जण एकदा विसरतो आणि सगळं सोल्डर झाल्यावर कपाळावर हात मारतो. मी तीनदा विसरलोय.

बाहेरचं आवरण दोन सेंटिमीटर सोला. ब्लेडने आरपार कापू नका, नुसती रेघ ओढा आणि केबल वाकवा, रबर आपोआप फाटतं. खाली जाळी दिसेल. विणलेली असेल तर टोकदार पेन्सिलीने हळूहळू उसवा, वेणी सोडवतो तशी, आणि मग एका बाजूला घेऊन पीळ द्या. आतल्या दोन पांढऱ्या तारा एकत्र पिळा, दोन निळ्या एकत्र. टोकांना चार-पाच मिलिमीटर सोलून त्यांवर सोल्डरचा पातळ हात फिरवा. तार चकचकीत दिसली पाहिजे, पण आतल्या बारीक काड्यांच्या रेघा सोल्डरखालून दिसायला हव्यात. रेघा बुजल्या तर सोल्डर जास्त झालं, आणि ती टोपी वाटीत जाणार नाही.

कनेक्टर चिमट्यात उभा धरा. प्रत्येक वाटीत अर्धी वाटी भरेल इतकं सोल्डर आधीच वितळवून ठेवा. मग इस्त्री वाटीच्या बाहेरून टेकवा, सोल्डर पाण्यासारखं झालं की तार आत बुडवा, इस्त्री काढा आणि हात अजिबात न हलवता पाच आकडे मोजा. इस्त्री टेकलेली राहते ती जेमतेम तीन सेकंद. सांधा थंड झाल्यावर गुळगुळीत आणि चकाकता हवा. दाणेदार, भुरका, फुगलेला दिसला तर परत तापवा.

जाळी पिन १ ला, पांढऱ्या २ ला, निळ्या ३ ला. दोन्ही टोकांना तेच. कनेक्टरच्या अंगाला जोडायची वेगळी वाटी असते, ती मोकळी सोडा. जाळी दोन्ही टोकांना जोडायची का एकाच, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालता येतो. एक्सएलआर ते एक्सएलआर असेल तर दोन्हीकडे जोडा. एखाद्या यंत्रात पिन १ पेटीच्या पत्र्याऐवजी आतल्या सर्किटच्या जमिनीला जोडलेली असेल, तर जाळीवरचा प्रवाह आत शिरून घूं करतो. यालाच 'पिन १ प्रॉब्लेम' म्हणतात, ऑडिओ तज्ज्ञ नील मन्सीने तो १९९५ मध्ये नीट मांडला. तो यंत्राचा दोष. त्या एका केबलपुरती, घेणाऱ्या बाजूची जाळी सोडून बघा.

कुठलं टोक कुठे? पिना ज्या दिशेला बोट दाखवतात त्या दिशेला सिग्नल जातो. डॅकच्या आउटपुटाला पिना असतात, म्हणून तिथे केबलची मादी.

एक टोक आरसीएचं असेल तर तयार ॲडाप्टर टाळा. तीच दोन तारांची केबल घ्या: आरसीएची मधली पिन ते पिन २, आरसीएची कड ते पिन ३, जाळी पिन १ ला आणि आरसीएच्या कडेलाही. परतीचा सिग्नल आणि जाळीतला भटका प्रवाह वेगळे राहतात, त्यामुळे बॅलन्स्ड इनपुटाचा बराचसा फायदा पदरात पडतो. उलट दिशेला, एक्सएलआर आउटपुटातून आरसीए इनपुटाकडे जाताना, पिन ३ चं काय करायचं ते यंत्राच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय ठरवू नका. काही आउटपुटं ती जमिनीला टेकवलेली सहन करत नाहीत.

पायरी ७: तपासणी

मल्टिमीटर बीपवर. १ ते १, २ ते २, ३ ते ३ वाजलं पाहिजे, आणि १-२, २-३, १-३ यांत शांतता. बीप चालू ठेवून केबल कनेक्टरपाशी हलवा. बीप तुटला तर सांधा कच्चा.

जोडून झाल्यावर मोनो रेकॉर्डिंग लावा, एकट्या माणसाचं बोलणं असेल तर उत्तम. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधे उभा राहिला पाहिजे. तो डोक्याभोवती पसरला आणि खर्ज पातळ झाला, तर एका केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल झालीय. एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी) १४ या १९९२ च्या मानकाने पिन २ हॉट ठरवली, पण काही जुन्या, विशेषतः जपानी, यंत्रांत पिन ३ हॉट असते. दोन्ही बाजूंना सारखंच उलट असेल तर कानाला बहुधा कळणारही नाही.

आणखी एक. डॅकमागे 'एईएस' लिहिलेलं एक्सएलआर असेल तर तो डिजिटल रस्ता आहे. त्याला ११० ओहमची केबल लागते, ती वेगळी विकत मिळते.

मखमली डबीचं काय?

जाड, सुबक, रेशमी जाळीची केबल हातात घ्यायला छान वाटते हे मी नाकारत नाही. घड्याळ, पेन, पैठणी यांत आपण हिशेब करतो का? हौस म्हणून घेत असाल तर माझा आक्षेप नाही. आवाजासाठी घेत असाल तर आधी एक संध्याकाळ काढा. परत करण्याच्या बोलीवर केबल आणा. बायकोला, भावाला किंवा शेजारच्या कॉलेजकुमाराला मांडणीच्या मागे बसवा. त्याने नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी, काटा आला तर घरची. तुम्ही पाठ फिरवून ऐकायचं आणि कागदावर लिहायचं. दहा वेळा. नऊ किंवा अधिक बरोबर नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास, तेव्हा नऊ आले तर घ्या बिनधास्त. आरसीए विरुद्ध एक्सएलआर असा सामना लावणार असाल तर स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून ४०० हर्ट्झच्या सुरावर दोन्हींचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवून घ्या, नाहीतर ते सहा डेसिबल आधीच निकाल लावून टाकतील.

मालाडच्या मित्राने हे केलं. मागे त्याची मुलगी बसली होती. दहापैकी पाच. डबी परत गेली, आणि उरलेल्या पैशांतून त्याने आधी घराचं अर्थिंग करून घेतलं.

पावसाळा संपला की, दसऱ्याच्या साफसफाईत, ॲम्प बंद करून प्रत्येक कनेक्टर एकदा बाहेर काढा, पिनांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, दोन-तीनदा खोचून परत काढा आणि बसवा. मांडणीच्या मागे सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या तर पुढच्या जूनपर्यंत बघायला नको.